चिमटीचं माप

तुम्ही मिक्सर विकत आणता. खोका फोडता, मिक्सर बाहेर काढता, आणि तो ज्याच्यात अलगद बसलेला असतो ते पांढरं थर्माकोल अंगणात भिरकावता. पुढे ते नालीत जातं नाहीतर गाय चघळते. लोक फेकून देतात तेच बनवायचं काम मी जन्मभर केलं. फरक एवढाच की माझं थर्माकोलचं नव्हतं, फोमचं होतं. साच्यातून निघालेलं नव्हतं, हातानं कापलेलं होतं. आणि ज्यांनी नेलं त्यांनी सहसा फेकलं नाही. सहसा म्हणते. फेकणारेही भेटले.

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "काकू, धंद्यातले अनुभव लिहा, वाचणाऱ्याला उमेद वाटेल असं काहीतरी." मी म्हटलं, उमेद पाहिजे असेल तर दुसरं दुकान बघा, माझ्याकडे फोम मिळतो. त्या हसल्या. मी काही गंमत केली नव्हती. आणि एक आधीच सांगून ठेवते: लिहिताना मी शाळेत शिकले ती मराठी लिहीन, पण माणसं जशी बोलली तशीच बोलतील. आमच्या बोलण्याला पुण्याकडे हसतात. हसू द्या.

दुकान खामगावातलं, सासऱ्यांचं. गाद्या भरायचं. कापसाचं गाव, गादीला कापसाची काय कमी? पण फोमच्या गाद्या निघाल्या आणि ज्या कापसावर लोकांचे आजे-पणजे झोपले तो कापूस लोकांच्या पाठीला टोचायला लागला. मग आमचे हे सोफ्याच्या सीटा करू लागले. उरलेले तुकडे मागच्या खोलीत साचत. एक दिवस जमीन मोजणारा माणूस आला. तीन पायांवर उभी करून डोळा लावतात ती त्याची मशीन, मोटरसायकलवर नेऊन नेऊन तिचं डोकं हललं होतं. "वहिनी, हिले कशातबी बसवा बाप्पा, आमचे रस्ते त तुम्हाले माहीतच आहेत." हे सोफा घेऊन बाहेर गेले होते, म्हणून मीच तुकडे घेतले आणि बसले कापत. तिथून लागलेलं हे काम.

काम कसं होतं ते थोडक्यात सांगते. फोम दोन तऱ्हेचा. एक सोफ्याचा, अंगठा दाबला की खोल जातो. दुसरा घट्ट, चपलेच्या तळव्याला असतो तसा. घट्ट फोम वस्तूला धरतो, मऊ फोम धक्का खातो. दोन्ही लागतात, कुठला कुठे ते कळलं पाहिजे. वस्तू कागदावर ठेवायची, पेन्सिल सरळ उभी धरून तिच्याभोवती रेघ फिरवायची. पेन्सिल कलली की घर, म्हणजे वस्तूची खाच, मोठं झालंच समजा. मग रेघेच्या जरा आतून कापायचं, म्हणजे फोम वस्तूला आवळून धरतो. तापलेल्या तारेनं कापलं तर कड गुळगुळीत येते, पण धूर असा सुटतो की शेजारच्या किराणावाल्यानं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. दोन घरांमध्ये दोन बोटांची भिंत सोडायची. भिंत बारीक झाली की वस्तू वस्तूला भिडते, आणि मग पेटीपेक्षा पिशवी बरी.

एवढं कोणीही शिकेल. लोक विसरतात ते पुढचं. वस्तू आत बसवणं निम्मं काम. ती बाहेरही काढावी लागते. घट्ट बसलेली वस्तू काढायला बोटांना जागा लागते, आणि प्रत्येकाची बोटं वेगळी. मी घरातून कणकेचा गोळा आणायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "घ्या चिमटीत." अंगठा आणि बोट कणकेत रुतलं की दोन खड्डे पडत. त्या खड्ड्यांवरून मी प्रत्येक घराजवळ बोटांची जागा कापायची. लोकांना वाटे बाई वेडी आहे. चांगले शर्ट-पँटवाले लोक कणकेत बोटं घालताना इकडेतिकडे बघायचे. काम झालं की मी डोळे मिटून एका हातानं वस्तू काढून बघायची. निघाली, तर माल द्यायचा. नाही निघाली, तर पुन्हा कापायचा.

गिऱ्हाइकं काय एकेक! नांदुऱ्याचा एक माणूस वारलेल्या बापाची कवळी घेऊन आला. दातांची. म्हणे यासाठी छान डबी करून द्या. मी विचारलं, कायले? तर म्हणाला, "आमचा बुढा हसे तवा हेच दिसत होतं ना." मी तोंडाला पदर लावून हसले, आणि मग पेन्सिल त्या दातांभोवती फिरवताना माझं मलाच कसंतरी झालं. लग्नाचे फोटो काढणारा एक जण उडता कॅमेरा घेऊन आला आणि मी माप घेत असतानाच त्यानं तो दुकानात उडवला. पंख्याला लागून पडला. म्हटलं, आता निम्म्याच कॅमेऱ्याचं माप घ्यायचं, काम सोपं झालं.

पण मला सांगायचं आहे ते तायडेभाऊंचं. अमडापूरचे. हे त्यांचं खरं आडनाव नाही. आता ते नाहीत, तरी नाव बदललं आहे. आठवडी बाजारांतून चष्म्याचे नंबर काढायचे. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. झाडाखाली ताडपत्री, लोखंडी खुर्ची, फांदीला टांगलेला अक्षरांचा तक्ता, आणि शेजारी काचांची पेटी. नंबर काढायची गोल भिंगं असतात, प्रत्येकाला पत्र्याची कड आणि धरायला छोटी मूठ. नाकावर एक जड फ्रेम बसवायची आणि तीत एकेक भिंग टाकून विचारायचं, आता दिसते का? आता? ज्या बायांना अक्षर येत नाही त्यांना तायडेभाऊ सुई आणि दोरा देत. दोरा ओवला गेला की नंबर बरोबर. मग काचा घासून घ्यायला खामगावला यायचे आणि पुढच्या बाजारी चष्मा नेऊन द्यायचे. किती म्हाताऱ्यांनी त्यांच्यामुळे पुन्हा तांदळातले खडे वेचले, नातवाचं तोंड पाहिलं.

पहिल्यांदा आले ते खांद्यावरच्या दुपट्ट्यात भिंगं बांधून. काळी-पिवळी जीपच्या टपावरून त्यांची लाकडी पेटी पडली होती. "ड्रायव्हर म्हणे, काच आहे त मांडीवर घ्यायची. म्या म्हटलं, मांडीवर घ्यायले जागा असती त टपावर कायले चढवली असती बे?" त्यांनी चिमटी कणकेत रुतवली तेव्हा दोन खड्डे असे पडले की आतली बोटांची रेघन् रेघ दिसत होती. असा ठसा मला दुसऱ्या कोणाचा मिळाला नाही. मी भिंगांसाठी चिरा पाडत होते. जरा वेळ त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, रेघ कुठी आहे आन् तुमचं कटर कुठी चाललं?" मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. त्यांनी तिथेच ती जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, दुपट्ट्यातलं एक भिंग टाकलं, दुसरं टाकलं. अवं माय! रेघ तर दिसलीच, पण दुकानात किती कचरा आहे तेही दिसलं. इतकी वर्षं मी त्यातच बसले होते.

त्यांचा हात माझ्या डोळ्याजवळ आला तेव्हा मी पापणीसुद्धा हलवली नव्हती. असा हात होता तो. भिंग टाकलं की काढलं, कळायचं नाही.

मग काही वर्षं मधूनमधून येत राहिले. खुर्चीवर बसून पाणी पीत, बाजारातल्या गमती सांगत. एकदा अशा उन्हात आले की रस्त्याचं डांबर पातळ झालं होतं. पेटी टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, फोम आवळला. काचा निघून नाही राह्यल्या."

आता फोम आवळत नाही हो. वापरून वापरून सैल होतो. मी दहा लोकांना हे ओरडून सांगितलं असेल. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "पाहू," आणि कणीक घेऊन आले.

"माप त घेतलेलंच आहे ना तुम्ही."

"मागचं माप कोणाच्या ध्यानात राहते भाऊ?" माझ्या चांगलं ध्यानात होतं.

त्यांनी चिमटी घेतली. खड्डे पडलेच नाहीत. कणकेवर कोंबडीनं पाय फिरवावे तसं सगळं विस्कटलं. आम्ही दोघांनी ते पाहिलं. ते म्हणाले, "थंडी वाटून राह्यली आज." मी म्हटलं, "हाव, आहे थोडीशी." बाहेर रस्त्यावर कुत्रंही फिरत नव्हतं इतकं ऊन होतं.

मी जागा वाढवून दिली. ते पुन्हा आले, पुन्हा वाढवून दिली. पण फोम काही रबर नाही, की ताणला आणि वाढला. बोटांची जागा वाढवायची तर भिंती बारीक होतात. भिंती बारीक झाल्या की भिंगं एकमेकांना लागतात, ओरखडे पडतात. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, "भाऊ, पेटी मोठी घ्या, नाहीतर काचा कमी करा." मोठी पेटी त्यांना उचलत नव्हती. मग माझ्या टेबलावर बसून ते काय ठेवायचं आणि काय काढायचं ते निवडू लागले. सगळ्यांत जाड भिंगं त्यांनी बाजूला केली. "या नंबराचं माणूस कधीमधीच येते," म्हणाले. मग एक भिंग हातात घेऊन बराच वेळ बसले. "पण वहिनी, येते ते भिंतीले हात लावत लावत येते." तरी बाजूला ठेवलं. ज्यांना सगळ्यांत कमी दिसतं त्यांच्याच काचा आधी गेल्या. हे मला तेव्हाही बरं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पुढे एक दिवस त्यांची मुलगी एकटीच आली. सुजाता. दवाखान्यात नर्स आहे, ड्युटीवरून सरळ आली होती. बापाची पेटी सोबत होती. मला वाटलं, पुन्हा जागा वाढवायची असेल. ती म्हणाली, "काकू, बाबाईले कंपवात आहे. गोळीनं सकाळचा वेळ निघते, मंग हात आयकतच नाही. बाजारात लोकं काय म्हणतात माहीत आहे? तायडे सकाळूनच टाकून येते म्हणतात."

पंचशील पाळणारा माणूस. सकाळची वंदना झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारा. गावातला दारूचा गुत्ता उठवायला बायांच्या पुढे उभा राहिलेला. त्याला दारुड्या म्हणावं?

"मंग सांगाचं ना लोकायले, बिमारी आहे म्हणून!"

"मी तेच म्हटलं. त बाबा म्हणतात, बिमारी सांगितली त डोळ्याजवळ हात कोण येऊ दीन? दारुड्या म्हटलं तरी चालन म्हणतात, काम बंद नाही झालं पाह्यजे."

मग तिनं पुढचं सांगितलं. मागच्या बाजारात एका म्हातारीच्या नाकावर फ्रेम बसवताना हात उडाला आणि फ्रेमची दांडी तिच्या पापणीला लागली. रक्त आलं. म्हातारी बिचारी म्हणाली, काही नाही झालं भाऊ. पण तायडेभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. आणि पुढच्या बाजाराला पुन्हा गेले. सुजातानं पेटी लपवून पाहिली, तर घरात असं भांडण झालं की शेजारी गोळा झाले. "एखांद्याचा डोळा गेला काकू, त बाबा मरून जातीन. खरंच सांगते, जगणार नाहीत ते."

"मंग मी काय करू म्हणतं?"

"पेटी घट्ट करून द्या. अशी घट्ट, का त्याईच्यानं काचा निघाल्याच नाही पाह्यजे. चिडतीन, फोमले शिव्या देतीन, तुम्हाले देतीन. पण घरी बसतीन. माह्या हातानं हारलो असं त नाही म्हणा लागणार त्याईले. फोमच खराब निघाला म्हणतीन."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पोरी, माह्या दुकानात बिघडवलेलं काम मिळत नाही. ते मिळते त्या दुकानात जा." सोफा फाटका आला तर शिवून देते, पण धड वस्तू बिघडवायची? लोक म्हणतील बाईला काम येत नाही. असं बरंच बोलले. सुजाता ऐकत राहिली. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, "काकू, आज बाबा इथं आले आन् ते फ्रेम तुमच्या नाकावर ठेवतो म्हणाले, त ठेवू द्यान का तुम्ही?"

मला हो म्हणायचं होतं. माझ्याच नाकावर त्यांनीच काढलेल्या नंबराचा चष्मा होता, तरी माझा हात आपोआप डोळ्याकडे गेला. "ठेव पेटी," मी म्हटलं.

चांगलं काम करायला हात लागतो. वाईट काम करायला, तेही जाणूनबुजून, फार जोर लागतो. मी रेघेच्या आत कापायला जायची आणि हात सवयीनं बरोबर जागी थांबायचा. दोन शीट वाया गेल्या. घट्ट करायचं, पण भिंगांना ओरखडा येता कामा नये. वरून बघताना नेहमीसारखं दिसलं पाहिजे. शेवटी मी चिरा बारीक केल्या, फोम सगळ्यांत कडक घेतला, आणि बोटांची जागा कापलीच नाही. डोळे मिटून काढून पाहिलं. माझ्या धड हातालाही दोनदा ओढावं लागलं. मी पेटी बंद केली आणि दुकानाच्या मागे जाऊन उभी राहिले. रडू आलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं नीट केलेलं वाईट काम निघालं नव्हतं.

तायडेभाऊ पेटी न्यायला स्वतः आले. एसटीनं, सकाळच्या वेळी, म्हणजे गोळीचा जोर असतो तेव्हा. बसले, पाणी प्यायले, पेटी उघडली. एका भिंगाच्या मुठीला बोटं लावली. बोटं घसरली. दुसऱ्याला लावली. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि ओढलं. फोमसकट सगळं वर आलं, भिंग नाही आलं. मी टेबलावरची फोमची कुसं वेचत होते. वेचण्यासारखी नव्हतीच ती फारशी.

त्यांनी अंगठ्यानं फोम दाबून पाहिला. एका चिरेवरून नख फिरवलं. म्हणाले, "वहिनी, चिमटीची जागा कुठी आहे?"

"राहून गेली."

"तुमच्या हातून?"

"वय झालं भाऊ माहंबी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघण्याचाच ज्याचा धंदा, त्याच्यासमोर खोटं बोलायला बसले होते मी. मला वर बघवेना.

"सुजी आल्ती का?" त्यांनी विचारलं.

मी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करून ठेवली. ते समजले. पेटीचं झाकण लावून त्यावर दोन्ही हात ठेवले. झाकण टेबलावर बारीक वाजू लागलं, तेव्हा हात काढून मांडीखाली घेतले.

"तिले सांगजा नोका मले समजलं म्हणून."

माझा निग्रह तिथेच संपला. मी म्हटलं, "भाऊ, मी बदलून देते. आत्ता देते, तुम्ही बसा. तासाभराचं काम आहे." खरंच दिलं असतं. कटर हातात घेतलंही होतं.

"नोका बदलू," ते म्हणाले. "त्या बुढीच्या डोळ्याले लागलं तवापासून रोज सकाळी उठलो का ठरवतो, आज नाही जायचं. आन् बाजाराचा दिवस आला का पाय नेतेच. मी काय करू? मले थांबताच नाही येऊन राह्यलं." मग म्हणाले, "पण वहिनी, लोकायले मले काही त सांगा लागन. एवढ्या वर्षांचा धंदा काऊन बंद केला म्हणतीन. मी तुमचं नाव सांगीन. खामगावच्या बाईनं पेटी बिघडवली म्हणीन. चालन का?"

माझा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत आहे. सोफ्याची शिवण वाकडी आहे म्हणणाऱ्याला मी रस्त्यापर्यंत भांडत नेलेलं आहे. पण असं विचारून नाव घेणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं.

"चालन भाऊ."

"चांगला शिव्या देईन बरं. अर्धवट सांगितलं त कोणी मानत नाही."

"द्या."

"तिकडचं गिऱ्हाईक तुटन तुमचं."

"सोफे आहेत आमचे," मी म्हटलं.

शब्दाचा पक्का माणूस. अमडापुरातच नाही, ज्या ज्या बाजारात बसायचा त्या त्या बाजारात सांगत फिरला. तिकडून येणारी माणसं कमी झाली, मग बंदच झाली. एक जण तर कामाला टाकलेला कॅमेरा अर्ध्यातून परत घेऊन गेला, "तायडे चष्मेवाल्याचं काय केलं ते आयकलं आम्ही" असं तोंडावर म्हणून. मी कॅमेरा पुसून दिला. आमचे हे अजूनही म्हणतात, तेवढ्या एका कामात तुझा हात कसा चुकला कळत नाही. आता अंक आला की वाचतील आणि दोन दिवस फुगून बसतील.

तसंही हे काम आता राहिलंच नाही. पेट्या कुरिअरनं येतात, आत फोमचे बारीक चौकोन असतात, पाहिजे तेवढे उपटा आणि वस्तू ठेवा. मोठ्या शहरात कंप्युटर कापतो, केसाइतकाही इकडचा तिकडे नाही. चांगलं कापतो, मी पाहिलं आहे. माझा अंगठा आता पावसाळ्यात दुखतो, आणि मागची खोली आम्ही भाड्यानं दिली. वाईट वाटतं का? वाटतं. पण कोणाला सांगायचं, कंप्युटरला?

सुजाता हे वाचेल. तिला अजून वाटतं की बाबा फसले. पोरी, ते फसले नव्हते. त्यांनी नको म्हटलं होतं म्हणून ते होते तोवर मी तुला सांगितलं नाही. आता सांगते.

ते होते तेव्हाची एक गोष्ट राहिली. मी चिखलीला एका लग्नाला गेले होते, येताना अमडापूरला उतरले. घर विचारत विचारत गेले. ओट्यावर खाटेवर तायडेभाऊ, खूप वाळलेले, अंगावर चादर, दोन्ही हात चादरीखाली. आजूबाजूला शेजारचे चार लोक बसलेले. दारात सुजाता. मला पाहून तिचं तोंड उतरलं. तायडेभाऊंनी ओळखलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "ह्याच बरं त्या. खामगावच्या. यायनंच माही पेटी बिघडवली."

सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. कोणी सरकून जागाही दिली नाही.

"हाव भाऊ," मी म्हटलं. "घट्टच झाली. चुकलं माहं."

"चांगला चालता धंदा होता," ते म्हणाले. आवाज कापत होता, तरी मोठा होता. "हात काय माहा खराब होता?"

"नाही भाऊ. हात चांगला होता तुमचा. सगळ्यायले माहीत आहे. फोमच माहा खराब निघाला."

ते बसलेल्या लोकांकडे पाहू लागले, एकेकाच्या तोंडाकडे, ऐकलं ना अशा नजरेनं. सुजाता चहा आणते म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही. खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. तो मला म्हणाला, "बाई, कापाच्या आंधी माणसाच्या हाताचं माप त घ्याचं नीट."

"घ्याले पाह्यजे होतं," मी म्हटलं.